फाइंड अँड रिप्लेस

मुंबईत 'छत्रपती शिवाजी महाराज' या एकाच नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे, एक विमानतळ आहे आणि काळा घोड्याजवळ एक म्युझियम आहे. तिन्ही बारशी नव्वदच्या दशकातली. त्यात 'महाराज' राहून गेलं म्हणून स्टेशनला २०१७ मध्ये आणि विमानतळाला २०१८ मध्ये तेही जोडलं. आणि लोक काय म्हणतात? सीएसएमटी, टी-टू, सीएसएमव्हीएस. एवढा खटाटोप करून महाराजांच्या वाट्याला काय आलं, तर इंग्रजी आद्याक्षरं!

एकाच स्कोपमध्ये एकाच नावाचे दोन व्हेरिएबल डिक्लेअर केले तर कंपायलर पुढेच जात नाही, हे आपण पहिल्या सेमिस्टरला शिकतो. शहराला कंपायलर नसतो राव. स्टेशन रेल्वेचं, विमानतळ नागरी उड्डाण खात्याचं, रस्ते महापालिकेचे. प्रत्येक जण आपापल्या टेबलात एन्ट्री करतो, दुसऱ्याचं टेबल कोण उघडून बघतोय? पण खरं कारण वेगळंच आहे. प्रस्ताव आला की 'नको' म्हणायची कुणाची टाप नसते, कारण 'नको' म्हणजे त्या थोर माणसाचा अपमान. ज्या नावाला विरोध करता येत नाही, तेच नाव सगळीकडे पसरतं.

हा रोग इंग्रजांकडून आलेला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तर टर्मिनस व्हिक्टोरिया आणि टेक्निकल इन्स्टिट्यूटही व्हिक्टोरिया. भायखळ्याची बाग आधीपासूनच व्हिक्टोरिया, तिथलं म्युझियम व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, आणि रस्त्यावरची घोडागाडीसुद्धा व्हिक्टोरियाच! आपण काय केलं? फाइंड अँड रिप्लेस. बागेला जिजामातेचं नाव, आणि १९९७ मध्ये व्हीजेटीआयलाही 'वीरमाता जिजाबाई'. आद्याक्षरंसुद्धा तीच, म्हणजे लेटरहेडवरचा शॉर्टफॉर्म तरी वाचला :-) राणीबाग मात्र लोकांच्या तोंडी अजून राणीबागच.

बरं, हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १९७२ साली आपल्याकडे पिनकोड आला त्यामागे हीच भानगड होती. एकाच नावाची इतकी गावं की पत्रं भलतीकडेच जायची. ही पद्धत आणली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आणि ते होते संस्कृत कवी! कवीला शब्द सोडून आकड्यांकडे जावं लागलं, यातच काय ते समजा. पण छातीत कळ आलेला माणूस फोनवर पिनकोड सांगत नाही. तो 'एमजी रोड' म्हणतो. मग फोर्टचा, घाटकोपरचा, मुलुंडचा, कांदिवलीचा की गोरेगावचा, हे त्याने कळ दाबून धरून सांगत बसायचं का?

आता कुणीतरी विचारणारच, "महाराजांच्या नावाचं वावडं आहे का रे तुला?" अजिबात नाही. उलट मी म्हणतोय, नाव कसं द्यावं ते महाराजांकडूनच शिका. तोरण्याचं प्रचंडगड केलं. मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड, रायरीचा रायगड, मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग, जावळीत प्रतापगड. प्रत्येक गडाला वेगळं नाव, आणि यातल्या एकालाही स्वतःचं नाही. कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेणारे राजे होते ते. आणि त्यांच्या नावाने आपण काय करतोय, तर कॉपी-पेस्ट.

सन्मान कसा करावा ते भायखळ्याच्याच म्युझियमकडे बघून कळतं. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. ते म्युझियम उभं राहावं म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांचंच. नाव वाचून कुणीतरी "हे कोण?" असं विचारतं आणि गोष्ट सुरू होते. (माटुंग्याला एक भाऊ दाजी रोड आहे म्हणा, पण तेवढं चालवून घेऊ.)

असो. माझी मागणी एका रकान्याची आहे. नामकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात 'या नावाचं शहरात आणखी काय काय आहे?' हा रकाना सक्तीचा करा, आणि ती यादी मतदानाआधी सभागृहात मोठ्याने वाचा. गांधीजींच्या यादीच्या वेळी वाचणाऱ्याजवळ पाण्याचा तांब्या तेवढा भरून ठेवा.