शेततळं भरायचं कशानं?

पाऊस हल्ली तीन-तीन आठवडे दडी मारतो आणि मग दोन दिवसांत कोसळतो. त्यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. हेतू चांगलाच होता: वाहून जाणारं पाणी साठवा, खंड पडला की पिकाला द्या. झालं काय? अनेकांनी प्लॅस्टिक अंथरून बोअरच्या पाण्यानं तळी भरली. म्हणजे सगळ्यांचं भूजल एकाच्या तळ्यात, वर उन्हात त्याची वाफ! शेजाऱ्याची विहीर कोरडी.

हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. तिथे पाऊस मोजून ग्रामसभेत पिकं ठरतात. अनुदान जरूर द्या, पण आधी गावानं पाण्याचा हिशोब मांडायलाच हवा. तुमच्या ग्रामसभेत कधी मांडलाय?