रामजन्माआधी रावणवध

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीने काम सांगितलं, आजोबांच्या सीडीज 'त्या पेनात' भरून दे. पेन म्हणजे पेन ड्राइव्ह! तिचा सीडी प्लेअर बिघडलाय आणि मामाने तिला पेन ड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर आणून दिलाय. मी कॉम्प्युटरला, त्यामुळे मिक्सरपासून मोबाईलपर्यंत घरातलं सगळं माझ्याच गळ्यात. रूम पार्टनरचा यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह मागून नेला होताच (आपल्या लॅपटॉपना आता तो नसतोच). एका दुपारी गीतरामायणाचा सगळा संच रिप केला, आजीच्या हातात पेन दिला आणि हॉस्टेलवर परत आले.

चौथ्या दिवशी फोन. "अगं, तुझ्या पेनात रामाचा जन्म व्हायच्या आधीच रावण मेला की!"

मी खूप हसले. मग फाईल्स उघडून बघितल्या आणि हसू थांबलं. प्रोग्रामने इंटरनेटवरून नावं रोमन लिपीत आणून दिली होती, मी न वाचता 'ओके' दाबत गेले होते. नंबर नाही, नुसती नावं. मग ती एबीसीडीप्रमाणे लागली. रावणवधाचं गाणं 'बी'ने सुरू होतं, दशरथाला पायस मिळतो ते 'डी'ने, आणि रामजन्म थेट 'आर'ला! दुसऱ्यांदा नंबर घालून रिप केलं, तर प्रत्येक सीडीतला ०१ एकाखाली एक येऊन बसला. म्हणजे रामायणाचे पुन्हा तुकडेच, फक्त वेगळ्या मापाचे.

तुम्ही म्हणाल, गाणी तर तीच आहेत ना? नाही हो. गदिमांनी लिहिलेली आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल लावलेली ही ५६ गाणी १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी वर्षभर लागत होती. पुढचं गाणं ऐकायला लोक आठ दिवस थांबायचे. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गायला सांगतात, आणि पहिल्या गाण्यात ते दोघं रामापुढे गातात. शेवट संपतो तिथेच सुरुवात आहे! हा क्रम मी एका 'ओके'त मोडला होता.

यात सीडीचा काही दोष नाही. ऑडिओ सीडीचं मानक फिलिप्स आणि सोनीने १९८०मध्ये ठरवलं, त्यात गाण्यांची नावं नव्हतीच. सीडीवर असतं ते फक्त कोष्टक, कुठला ट्रॅक किती मिनिटं, किती सेकंद आणि सेकंदाच्या कितव्या पंचाहत्तराव्या भागावर सुरू होतो त्याचं. (नावं घालायची सोय, सीडी-टेक्स्ट, नंतर आली, पण फार थोड्या कंपन्यांनी वापरली.) संगणक ही लांबी मोजतो आणि इंटरनेटवरच्या वहीला विचारतो, अशा मापाची सीडी कोणाची? त्या वहीत नावं तुमच्या-माझ्यासारख्यांनीच टाइप केलेली असतात. मापं जुळली तर भलत्याच सीडीची नावंही येऊ शकतात. शिवाय वही कायम राहील याचीही खात्री नाही. फ्रीडीबी नावाची अशीच मोठी मोफत वही २०२०मध्ये बंद झाली.

पण दुसऱ्यावर ढकलून काय उपयोग? खरं कारण सांगते. मी कॉन्व्हेंटची. देवनागरी वाचते, पण अडखळत, आणि टाइप करायचं म्हटलं की घाम फुटतो. सीडीच्या डबीतला कागद समोर होता. त्यावर सगळं नीट मराठीत छापलं होतं. मला ते वाचून उतरवायचा कंटाळा आला, बस. रोमनमध्ये 'माझा' हा शब्द 'झेड'ने लिहायचा, 'जेएच'ने की 'झेडएच'ने? तिघं तीन प्रकारे लिहितात. सर्च केलं की एक सापडतं आणि दोन बसतात लपून.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. प्रोग्राममध्ये समोर एकच चौकट, 'आर्टिस्ट'. तिथे बाबूजींचं नाव आलं. गदिमा कुठेच नाहीत! रेडिओवर निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायचे, असं आजी म्हणते. एमपीथ्रीच्या आयडीथ्री टॅगमध्ये संगीतकार आणि गीतकारासाठी वेगळ्या जागा आहेत, 'संचातली कितवी सीडी' यालाही आहे. फक्त त्या शोधून भराव्या लागतात. आपण भरत नाही.

रूम पार्टनर म्हणते, "सगळं स्ट्रीमिंगवर आहे, कशाला एवढी मेहनत?" अगं, तिथेही नाव कोणीतरी टाइपच करतं ना! आणि आजीला स्ट्रीमिंग नको, तिला पहाटे बटण दाबलं की पहिलं गाणं हवं.

तिसऱ्यांदा मी दोन रात्री बसले. फाईलच्या नावात आधी सीडीचा नंबर, मग ट्रॅकचा, दोन्ही दोन आकडी (नाहीतर १ नंतर १० येतो), मग देवनागरीत नाव. एक टीप, बरेच स्वस्त स्पीकर नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केलं त्याच क्रमाने वाजवतात. तेव्हा पेन ड्राइव्ह रिकामा करून एकेक फाईल ओळीने टाकायची. कंटाळवाणं आहे, पण सबमिशनच्या फाईलमधल्या आकृत्या गिरवण्याइतकं नाही.

हे सगळं इथे का लिहिते आहे? आपल्या कल्चरल रूमच्या कपाटात जुन्या गॅदरिंगच्या सीडीज आहेत, वर मार्करने फक्त साल. त्यातली २००७ची मी रिप केली. जगातल्या कुठल्याही वहीत तिची नावं मिळणार नाहीत, सगळे 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. लॅबमधल्या काकांनी ट्रॅक ०४चा तबला ऐकल्या ऐकल्या ओळखला, तो मुलगा मेकॅनिकलचा होता, एवढं सांगितलं. आडनाव त्यांना आठवेना. अजून दोन-चार वर्षांत काकाही रिटायर होतील.

ट्रॅक ०९वर एका मुलीचा आवाज आहे, साथीला फक्त पेटी. मध्येच कोणीतरी "लाइट गेली!" म्हणून ओरडतं, आणि ती न थांबता गाणं पुरं करते. शिक्षक आणि ऑफिस स्टाफपैकी ज्यांना ती लाइट गेलेली आठवते, त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात निरोप ठेवावा. नाव देवनागरीत लिहून दिलंत तर फार बरं, स्पेलिंगचा घोळ नको.