सहा आकडे आणि बारा शब्द

दोस्तांनो, तुमच्या घरात किल्ल्या कोण हरवतं? आमच्या घरात हा मान माझा! सायकलची, कपाटाची, एकदा तर घराचीच. पण त्याचं एवढं काही वाटत नाही. शिरूरच्या बाजारात किल्लीवाला बसतो. तो कानस घासतो, कुलपात घालून बघतो, परत घासतो, की झाली किल्ली तयार. आज मात्र अशा एका किल्लीची गोष्ट सांगतो, जी कुठलाच किल्लीवाला करून देऊ शकत नाही.

माझी धाकटी बहीण दौंडला असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कारखान्यात कामाला लागला आणि पगारातले थोडे थोडे पैसे बाजूला टाकू लागला. कुठे? तर बिटकॉइनमध्ये! बिटकॉइन म्हणजे संगणकांच्या जाळ्यात नोंदलेलं नाणं. ते हातात धरता येत नाही आणि भारतात ते कायदेशीर चलन नाही. भाव आज वर, उद्या खाली. पगाराचे पैसे मी तरी त्यात घातले नसते. पण मामाला आधी विचारतं कोण?

एका संध्याकाळी पुण्याहून येताना पाटसच्या अलीकडे गाडीच्या दारातून त्याचा मोबाइल पडला. रुळांकडेला शोधूनही सापडला नाही. दोन दिवसांनी मला फोन, "मामा, नवीन फोन घेतला, सिम घेतलं, नंबर तोच आहे, पासवर्डही पाठ आहे. तरी खातं उघडत नाही. सहा आकडे मागतंय! बारावीच्या पुढची फी भरायचीय ताईची, ती त्यातूनच देणार होतो."

न्हावरा, चौफुला करत मी दौंड गाठलं.

आता हे सहा आकडे काय प्रकरण आहे? दौंड हे रेल्वेचं गाव, म्हणून रेल्वेचंच उदाहरण घेऊ. एकेरी लोहमार्गावर पूर्वी ड्रायव्हरला टोकनचा गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे. तो गोळा यंत्रातून एकट्या स्टेशनमास्तरला काढता यायचा नाही. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने तिकडून संमती दिली तरच तो बाहेर यायचा. एकाची चूक झाली तरी दुसरा जागा! खात्याला दोन कुलपं लावण्यामागे हाच विचार आहे. पहिलं कुलूप तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीचं, म्हणजे पासवर्डचं. दुसरं तुमच्याजवळ असलेल्या वस्तूचं, म्हणजे मोबाइलचं. चोराने पासवर्ड पळवला तरी मोबाइल कुठून आणणार?

गंमत पुढेच आहे. भाच्याला वाटत होतं, की ते आकडे कंपनी पाठवते. काही ठिकाणी एसएमएसने येतात, खरं आहे. पण त्याच्याकडे ऑथेंटिकेटर नावाचं ॲप होतं, आणि त्यातले आकडे कुणीच पाठवत नाही. ते मोबाइल स्वतः तयार करतो! कसे? पहिल्या दिवशी आपण पडद्यावरचा चौकोनी क्यूआर कोड टिपतो ना, तेव्हा एक गुप्त किल्ली मोबाइलमध्ये उतरते. तीच कंपनीच्या संगणकातही असते. मग दोघेही घड्याळ बघतात. १ जानेवारी १९७० पासून तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे झाले ते मोजतात, तो आकडा आणि गुप्त किल्ली ठरलेल्या गणितात घालतात आणि उत्तरातून सहा आकडे काढतात. गणित एक, किल्ली एक, वेळ एक. मग उत्तरही एकच! तीस सेकंद झाली की नवं उत्तर. हे गणित गुप्त नाही बरं का. २०११ साली ते सगळ्या जगासाठी जाहीर झालं. गुप्त असते फक्त किल्ली.

आई-बाबांच्या मोबाइलमध्ये असं ॲप असेल तर त्यांना विचारून विमान मोड चालू करा. नेट बंद, फोन बंद, तरी आकडे बदलत राहतील. आणि मोबाइलचं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलेलं असेल तर? आकडे चुकतील. म्हणून 'कोड चालत नाही' अशी तक्रार आली, की जाणकार माणूस आधी तारीख-वेळ आपोआप जुळते आहे ना, ते बघतो. पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं.

आमचं काम तेवढ्यावर होणार नव्हतं. नवं सिम मिळालं होतं. पण किल्ली सिममध्ये नव्हतीच, ती पाटसजवळ गवतात पडली होती!

मी विचारलं, "अरे, खातं उघडताना एक लांबलचक अक्षरांची ओळ दाखवून 'हे लिहून ठेवा' म्हटलं असेल."

"म्हटलं होतं मामा. मी 'पुढे' दाबलं."

त्या कागदावरून नव्या मोबाइलमध्ये किल्ली दोन मिनिटांत पुन्हा भरता आली असती. काही कंपन्या एकदाच वापरायचे आठ-दहा जादा कोडही देतात; तेही नव्हते. गूगलच्या ॲपमध्ये २०२३ पासून या किल्ल्या आपल्या गूगल खात्यात साठवता येतात. त्याने ते चालू केलं नव्हतं. जुना मोबाइल मोडीत गेलेला. सगळ्या वाटा बंद!

उरली एक. मी विचारलं, "नाणी कुणाजवळ आहेत? कंपनीजवळ, की तुझ्या स्वतःच्या पाकिटात?" कंपनीजवळ, म्हणाला. हुश्श! कारण दुसरं कुलूप त्या कंपनीने लावलेलं आहे, तेव्हा माणसाची ओळख पटली तर ती ते काढूही शकते. आम्ही कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून अर्ज केला. पॅन, आधार, आणि हातात त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद धरून फोटो. मग वाट बघणं. एक दिवस, दोन दिवस, तीन...

चौथ्या दिवशी पोराचा धीर सुटला आणि त्याने आपलं रडगाणं एका मोठ्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत एक 'अधिकारी' हजर! फोटोच्या जागी कंपनीचं चिन्ह, गोड हिंदी. तीन हजार रुपये फी, पासवर्ड कळवा, आणि मोबाइलचा पडदा आम्हाला दिसेल असं एक ॲप टाका, तासाभरात खातं मोकळं. भाचा पैसे पाठवणारच होता. बहीण भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "कुलूप उघडून देणारा आधी किल्ली मागतो होय?"

मी शाळा-कॉलेजात बरंच शिकलो, पण हे वाक्य मला सुचलं नव्हतं. (असा कुणी पैसे घेऊन पळालाच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.)

कुलूप उघडायला कुणाला बोलवायचं, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडतो. 'गेन बिटकॉइन' नावाच्या योजनेत लोकांची फसवणूक झाल्याच्या तक्रारींवरून पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीला अटक केली. नाणी संगणकी पाकिटांत, म्हणून तपासाला जाणकार माणसं मदतीला घेतली. मार्च २०२२ मध्ये त्यांतल्याच दोघांना पुणे पोलिसांनी अटक केली. तपासात हाती आलेली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली, असा पोलिसांचा आरोप आहे. मुख्य आरोपी त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. तेव्हा पाकिटाचं नाव आणि पासवर्ड तपास अधिकाऱ्यांना द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं. देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय, पण पासवर्ड मात्र मागूनच घ्यावा लागतो!

आणि नाणी स्वतःच्या पाकिटात असती तर? तिथे कंपनी नाही, अर्ज नाही, फोटो नाही. तिथे असतात बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, 'अबँडन'पासून 'झू'पर्यंत. त्यातले बारा, ठरलेल्या क्रमाने. पाकीट हरवलं तरी या शब्दांवरून ते पुन्हा उभं राहतं. बसल्या बसल्या २०४८ ला २०४८ ने असं बारा वेळा मांडून गुणा बरं! उत्तर चाळीस आकडी येतं. म्हणून अंदाजाने कुणी हे शब्द ओळखू शकत नाही. आणि हरवले, तर आपणही नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरला २०११ मध्ये एक व्हिडिओ करून दिल्याबद्दल ७,००२ बिटकॉइन मिळाले. त्यांची किल्ली त्याने एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये ठेवली आणि पेनड्राइव्हचा पासवर्ड एका कागदावर लिहिला. कागद हरवला! दहा वेळा चुकलं तर तो पेनड्राइव्ह कायमचा बंद होतो. २०२१ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, तेव्हा त्याचे आठ प्रयत्न वाया गेले होते.

आमच्या अर्जाला नवव्या दिवशी उत्तर आलं. खातं उघडलं, काही दिवस पैसे काढता येणार नाहीत, एवढी अट. फीची तारीख त्याआधीच होती, म्हणून तेवढे पैसे बहिणीने भिशीतून उचलले आणि भाच्याने पुढच्या महिन्यात परत केले. नव्या मोबाइलमध्ये नवी किल्ली आली. या वेळी ती अक्षरांची ओळ त्याने वहीच्या पानावर लिहिली, दोनदा तपासली आणि फोटो काढायला मोबाइल उचलला. मी हात धरला. फोटो पुन्हा मोबाइलमध्येच ना राहणार!

पान बहिणीने मागून घेतलं. रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात ठेवलं आणि पिशवी ज्वारीच्या कोठीमागे सरकवली. "कोठी कधी दारातून पडत नाही," म्हणाली.

विमान मोडमध्ये तुमच्याकडे आकडे बदलले का, ते मला जरूर कळवा. आकडे मात्र लिहून पाठवू नका हं!