उमेदवार दारात आलाय, गेटला रंग मागू नका

मंडळी, १५ जानेवारीला पनवेल महापालिकेचं मतदान. यापूर्वीचं झालं होतं २४ मे २०१७ ला. जुलै २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून आपल्याला एकही नगरसेवक नाही. आयुक्तच प्रशासक. बजेट मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. साडेतीन वर्षांनी कोणीतरी मत मागायला दारात येतंय, तर ती दहा मिनिटं वाया घालवू नका.

सध्या सोसायट्यांच्या मीटिंगांत काय मागितलं जातं? गेटला रंग, पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही, पार्किंगवर पत्रे. उमेदवार लगेच "हो" म्हणतो. का नाही म्हणणार? पाच वर्षांचा हिशोब त्याला एका पेंटरच्या बिलात मिटवता येतो. रंग दोन पावसाळ्यांत उडतो आणि नंतर नळाला पाणी नाही म्हणून फोन केला तर आपल्याच तोंडाला कुलूप, कारण "तुमचं काम केलं होतं ना!"

आपले रोजचे प्रश्न छोटे नाहीत. फक्त ते नीट विचारले पाहिजेत.

१. पाणी. जानेवारीत नळाला पाणी आहे आणि गाढी नदीही शांत आहे. म्हणून आत्ताच विचारा. मागची निवडणूक ऐन मे महिन्यात होती, तेव्हा टंचाईची आठवण करून द्यावी लागत नव्हती. महापालिकेचं स्वतःचं देहरंग धरण लहान, त्यात गाळ साचलेला, उन्हाळ्यात तळ दिसतो. बाकी पाण्यासाठी आपण जीवन प्राधिकरण, एमआयडीसी आणि सिडकोच्या तोंडाकडे बघतो. "पाणी देऊ" हे उत्तर घेऊ नका. कोणाकडून, किती, कोणत्या वर्षी, ते विचारा. आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचा खर्च सोसायटीनेच का करायचा, तेही.

२. मालमत्ता कर. महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला. सिडको वसाहतींत कराची बिलं आली काही वर्षांनी, पण हिशोब लावला पहिल्या दिवसापासून. त्याच काळात लोक सिडकोला सेवा शुल्क भरतच होते. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. काहींनी निमूट भरलं, काही अजून थांबलेत. उमेदवाराला एकच विचारा: कराचा ठराव सभागृहात आला तर तुम्ही हात वर करणार की खाली ठेवणार? "पक्ष ठरवेल" म्हणाला, तर तेही उत्तरच आहे.

३. फूटपाथ, कचरा, गटारं. इथे "बघतो" चालणार नाही. गटार एप्रिलमध्ये साफ होणार की पाऊस सुरू झाल्यावर? फूटपाथवरून आजी-आजोबा आणि शाळेची पोरं चालू शकतील का?

४. जबाबदारी. २० प्रभागांत ७८ नगरसेवक निवडायचेत. म्हणजे अठरा प्रभागांत चार-चार आणि दोनांत तीन-तीन. चार जण असले की काम कोणाचंच नसतं. "ते माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे" हे ऐकायची तयारी ठेवा, नाहीतर आत्ताच विचारा की आमच्या गल्लीसाठी फोन कोणाला करायचा. चारही बटणं एकाच चिन्हाची दाबायची सक्ती नाही. प्रत्येक जागेचं मत वेगळं आहे, माणूस बघून द्या.

काही जण म्हणतील, नगरसेवकाच्या हातात काय असतं? पाण्याच्या योजना मंत्रालयात अडकतात, जमीन सिडकोची. अगदी खरं. पण सभागृहात प्रश्न विचारणं, बजेटमध्ये तरतूद मागणं, कराच्या ठरावावर बोलणं हे त्याच्याच हातात असतं. एवढंही करणार नसेल, तर त्याला निवडून कशाला द्यायचं?

एक सोपं काम करा. सोसायटीच्या लेटरहेडवर तीनच प्रश्न लिहा आणि येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, तोच कागद द्या. त्याचं उत्तर त्याच्याच सहीने घ्या. सही करायला कां कूं करणारा माणूस कोण ते लक्षात ठेवा. सही केलेला कागद नोटीस बोर्डावर लावा, मतदानानंतर काढू नका. मे महिन्यात टँकर दारात उभा राहिला की तोच कागद घेऊन नगरसेवकाच्या ऑफिसात जायचंय.

आणि १५ तारखेला सुट्टी आहे म्हणून गावाला पळू नका. मत देऊन मग जा.

तुमच्या प्रभागात उमेदवाराला काय विचारलंत, काय उत्तर मिळालं? कमेंटमध्ये लिहा. पटलं तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका.