‘स्वच्छ रोप’ म्हणजे नेमके काय? फळबागांतील विषाणू आणि क्लीन प्लांट प्रोग्राम

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘क्लीन प्लांट प्रोग्राम’ला मंजुरी दिली. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानांतर्गत येणाऱ्या या कार्यक्रमासाठी १,७६५.६७ कोटी रुपयांची तरतूद आहे. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळ आणि भारतीय कृषी संशोधन परिषद मिळून तो राबवतात. देशभरात ९ केंद्रे उभारली जाणार आहेत. त्यांपैकी महाराष्ट्रातील तीन केंद्रे अशी: द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर.

मराठीत या कार्यक्रमाला ‘स्वच्छ रोप कार्यक्रम’ म्हणता येईल. मात्र ‘स्वच्छ’ या शब्दाने गैरसमज होऊ शकतो. माती झटकलेले, फवारणी केलेले, पानांवर डाग नसलेले रोप या योजनेच्या अर्थाने स्वच्छ असेलच असे नाही. येथे ‘स्वच्छ’ याचा अर्थ तपासणी करून विषाणूमुक्त ठरवलेले रोप. हिरवेगार, तजेलदार दिसणाऱ्या रोपातही विषाणू असू शकतो. एकाच रोपात दोन किंवा तीन विषाणूही असू शकतात, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो.

विषाणू एकमेकांत काय बदलतात?

विषाणू झाडाच्या पेशीत शिरतो आणि तेथे स्वतःच्या नकला काढून घेतो. जुन्या काळी पोथ्या हाताने उतरवून घेत, तसेच हे काम समजा. लेखनिकाकडून एखादे अक्षर चुकते, तसे नक्कल काढताना विषाणूच्या जनुकीय मजकुरातही एखादे अक्षर बदलते. हा बदल लहान असतो.

आता त्याच लेखनिकापुढे दोन पोथ्या उघड्या आहेत असे समजा. पहिलीतील ओळ उतरवता उतरवता त्याची नजर दुसरीवर गेली आणि पुढचा मजकूर त्याने तेथून घेतला. तयार झालेली पोथी अर्धी एकीची आणि अर्धी दुसरीची. एकाच पेशीत दोन विषाणू असतील तर असेच घडू शकते. याला जनुकीय पुनर्संयोजन म्हणतात.

काही विषाणूंचा मजकूर सुट्या भागांत असतो. जळगावच्या केळी उत्पादकांना परिचित असलेला सीएमव्ही, म्हणजे काकडीवरील मोझॅक विषाणू, अशा तीन भागांचा असतो. त्याच्या दोन जाती एका झाडात आल्या तर एकीचे दोन भाग आणि दुसरीचा एक, असा नवा संच तयार होऊ शकतो.

असे बहुतेक मिश्र विषाणू टिकत नाहीत. पण लाखो नकलांत एखादा टिकतो, आणि तो मूळ दोन्हींपेक्षा वरचढ निघू शकतो.

हे प्रत्यक्षात घडले आहे का?

होय. पहिले उदाहरण कापसाचे आहे. कापूस या योजनेत नाही, पण धोका समजण्यासाठी ते उपयोगी आहे. पाकिस्तानातील मुलतान भागात १९६७ मध्ये पाने मुरडणारा रोग कपाशीवर दिसला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची मोठी साथ आली. १९९३ मध्ये तो राजस्थानातील श्रीगंगानगर भागात आढळला. शास्त्रज्ञांनी रोगाला दाद न देणारे वाण काढले. मात्र २००१ मध्ये पाकिस्तानातील बुरेवाला भागात हे वाणही रोगाला बळी पडले. तेथील विषाणूचा मजकूर तपासला तेव्हा तो मुलतान आणि कोखरान या दोन विषाणूंच्या मजकुराचा जोड निघाला. अनेक वर्षे खपून तयार केलेले वाण अशा अदलाबदलीपुढे निरुपयोगी ठरले.

दुसरे उदाहरण युगांडातील कसावाचे. आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो तेथे रोजच्या जेवणात असतो. कसावाची लागवड खोडाच्या तुकड्यांपासून होते, त्यामुळे आधीच्या पिकातील विषाणू नव्या लागवडीत सहज येतो. १९९० च्या दशकात तेथे मोझॅक रोगाची भीषण साथ पसरली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले की पूर्व आफ्रिकी विषाणूच्या कवचाच्या जनुकात मधला मोठा भाग दुसऱ्या, आफ्रिकी कसावा मोझॅक विषाणूचा होता. कवच पाहून ओळख पटवणाऱ्या चाचणीत हा नवा विषाणू त्या दुसऱ्या विषाणूसारखाच दिसत होता. ज्या झाडांत नवा आणि जुना असे दोन्ही विषाणू होते, त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती.

मग फळबागेचा प्रश्न अधिक गंभीर का?

कपाशीचे पीक एका हंगामात निघून जाते. संत्र्याचे झाड अनेक वर्षे उभे असते. ते कलमाने तयार होते, म्हणजे मातृवृक्षाच्या डोळ्याबरोबर त्यातील विषाणूही नव्या झाडात येतो. पुढे मावा आणखी विषाणू आणतो. संत्रा-मोसंबीवरील ट्रिस्टेझा विषाणू असाच कलमातून आणि माव्यातून पसरतो. एकाच झाडात त्याच्या अनेक जाती एकत्र सापडतात आणि त्यांच्यात पुनर्संयोजनही होते. अशा झाडावरून दरवर्षी डोळे काढले, तर तेच मिश्रण गावोगावच्या बागांत पोहोचते.

विषाणूवर बुरशीनाशकासारखे औषध नाही. लागण झालेले झाड बागेत फवारणीने बरे होत नाही. म्हणून ही योजना मुळाशी जाते. केंद्रात मातृवृक्षाची तपासणी होईल. विषाणू आढळल्यास उष्णतेची प्रक्रिया करून किंवा शेंड्याच्या अगदी सूक्ष्म भागापासून रोप वाढवून तो काढला जाईल. त्यानंतर हे साहित्य रोपवाटिकांना दिले जाईल. यातून उत्पादन वाढावे हा उद्देश आहेच. पण विषाणूंच्या भेटीची जागा कमी होते, हा लाभ अधिक दूरचा आहे. रोप एका विषाणूपासून मुक्त असेल, तर पुढे बागेत दुसरा आला तरी त्याला अदलाबदलीसाठी जोडीदार मिळत नाही.

योजनेचे यश कशावर अवलंबून आहे?

तीन गोष्टींवर. पहिली, चाचण्या. युगांडाचा अनुभव सांगतो की विषाणूच्या एकाच भागावर आधारलेली चाचणी मिश्र विषाणू चुकीचा ओळखू शकते. त्यामुळे केंद्रांना संपूर्ण जनुकीय मजकूर वाचण्याची सोय ठेवावी लागेल आणि चाचण्या वेळोवेळी बदलाव्या लागतील. एकदा दिलेला ‘स्वच्छ’ शिक्का कायमचा नसतो.

दुसरी, रोपवाटिका. केंद्रातून निघालेले साहित्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी रोपवाटिकेत वाढते. तेथे किडी रोखणारी जाळी नसेल, मातृवृक्ष उघड्यावर असतील, तर वरचा सारा खर्च वाया जाईल.

तिसरी, आजूबाजूच्या बागा. शेजारची जुनी बाग रोगट असेल तर स्वच्छ रोपालाही पुढे लागण होऊ शकते. म्हणून एका शेतकऱ्याने रोपे बदलण्यापेक्षा संपूर्ण शिवाराने मिळून बदलणे अधिक परिणामकारक ठरते.

तुम्ही काय करू शकता?

• रोपे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या. पावती आणि रोपावरील लेबल जपून ठेवा.
• मातृवृक्ष कोठला, त्याची तपासणी कधी झाली आणि कोणकोणत्या विषाणूंसाठी झाली, हे विचारा. ‘रोप चांगले आहे’ हे या प्रश्नाचे उत्तर नाही.
• चांगली फळे देते एवढ्यावरून जुन्या झाडाचे डोळे किंवा काड्या कलमासाठी वापरू नका.
• केळीच्या बागेत काकडीवर्गीय पिके, टोमॅटो किंवा मिरची आंतरपीक म्हणून घेऊ नका. सीएमव्ही त्यांच्यावरही राहतो.
• मोझॅकसारखी लक्षणे दिसलेली केळीची झाडे लगेच उपटून बागेबाहेर नष्ट करा. मावा आणि पांढरी माशी यांच्यावर लक्ष ठेवा, बांधावरील तण काढा.
• शंका असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. किसान कॉल सेंटरचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे. तेथे मराठीतून माहिती मिळते.

नवी बाग लावताना खड्डे, ठिबक आणि खत यांचा हिशेब आपण आधी करतो आणि रोपाची किंमत शेवटी पाहतो. दोन-चार रुपयांनी स्वस्त मिळालेले रोप पुढची अनेक वर्षे तुमच्या बागेत उभे राहणार आहे. त्याच्याबरोबर आणखी काय येत आहे, हे विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्या.