हो चि मिन्ह यांचे मृत्युपत्र

२ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात व्हिएतनामचे स्वातंत्र्य जाहीर करणारे कॉ. हो चि मिन्ह १९६९ साली त्याच तारखेस निवर्तले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांच्या देशाने आधी फ्रेंच वसाहतवाद्यांशी आणि नंतर अमेरिकी साम्राज्यवाद्यांशी झुंज दिली. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव मुक्त झाले. तो दिवस पाहावयास मात्र ते नव्हते.

ही शक्ती केवळ शस्त्रांतून आली नव्हती. १९४५ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे अन्नाविना मरत असताना धान्याची कोठारे फोडून भुकेल्यांना वाटा, अशी हाक व्हिएत मिन्हने दिली. स्वातंत्र्याचा प्रश्न असा भाकरीच्या प्रश्नाशी जोडला गेला, म्हणूनच शेतकरी लढ्यात उतरला.

परंतु याच शेतकऱ्यांवर अन्यायही झाला. १९५३ ते १९५६ च्या जमीन सुधारणांत जमीनदारशाहीचा कणा मोडला, तसेच अनेक निरपराध माणसांचे बळीही गेले. १९५६ च्या ऑगस्टमध्ये हो चि मिन्ह यांनी चुका जाहीरपणे मान्य केल्या. दुरुस्तीची मोहीम निघाली आणि पक्षाचे सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावे लागले. गेलेले जीव त्यामुळे परत आले नाहीत. तथापि चूक झाकून ठेवणारा पक्ष जनतेचा विश्वास पुन्हा मिळवू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या मृत्युपत्राची कथा म्हणूनच विचार करावयास लावणारी आहे. आपल्या देहाचे दहन करावे आणि विजयानंतर शेती सहकारी संस्थांना वर्षभर कर माफ करावा, अशा दोन इच्छा त्यांनी लिहून ठेवल्या होत्या. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या मृत्युपत्रातून त्या वगळण्यात आल्या. देह जतन केला गेला आणि १९७५ साली बा दिन्ह चौकातच भव्य समाधी उभी राहिली. गाळलेला मजकूर पक्षाने प्रकट केला तो १९८९ साली.

समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्यांची श्रद्धा खरीच आहे. परंतु नेत्याचा देह जपणे सोपे आणि त्याचा शब्द पाळणे कठीण असते. ज्याने अखेरच्या काळातही शेतकऱ्याच्या कराचा विचार केला, त्याचा वारसा संगमरवरात शोधावयाचा नसतो. शेतकऱ्याच्या शिवारात, कामगाराच्या वस्तीत आणि स्वतःची चूक उघडपणे मान्य करण्याच्या धैर्यातच तो पक्षसभासदांनी जिवंत ठेवावयाचा असतो.