बंदोबस्त उठल्यावरचा जोतिबा

चैत्र पौर्णिमेला जोतिबा डोंगरावर लाखो भाविक येतात, सासनकाठ्या नाचतात आणि जागोजागी पोलीस उभे असतात. पण याच डोंगरावरची वाडी रत्नागिरीची वस्ती किती सुरक्षित आहे, हे त्या दिवशी कळत नाही. पोलिसांच्या नोंदींवरूनही पुरते कळत नाही. पाकीट गेलेला परगावचा भाविक पुष्कळदा तक्रार न देताच गावी परततो. आषाढातल्या दाट धुक्यात नारळ-गुलालाचे दुकान बंद करून एकटी घरी निघालेल्या बाईला आधी विचारा. कोणत्या बोळात दिवा नाही, कोणत्या पायरीवर पाय घसरतो, हे तिला ठाऊक असते. ग्रामपंचायत, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समिती आणि पोलिसांनी अशा बायकांना सोबत घेऊन पावसाळ्यापूर्वी रात्रीची पाहणी करावी.